बिनसेलचं घड्याळ : जुन्या कॉम्प्युटरमधला काळा ठोकळा कसा ओळखला

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकापासून हाकेच्या अंतरावर माझ्या मामाचं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, प्रबंध, कोर्टाचे अर्ज, सहकारी संस्थांचे अहवाल, सगळं तिथे टाइप व्हायचं. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यातला पहिला कॉम्प्युटर मामाने भंगारात दिला नाही. जुन्या चादरीत गुंडाळून तो वाड्याच्या माळ्यावर ठेवला होता. या एप्रिलमध्ये माळा साफ करताना तो खाली आला.

"पोरी, यातलं काय चालते ते पाह्य," मामा म्हणाला. "मेकॅनिकनं सांगतलं होतं का मदरबोर्ड उडाला. मले तं पटलं नव्हतं. पण त्या वेळी कामाची घाई, नवीन घेऊन टाकला."

झाकण उघडलं. आत ४८६ प्रोसेसरचा मदरबोर्ड, ४ एमबी रॅम, एक हार्ड डिस्क आणि तीन कार्डं. बोर्डावरचे बहुतेक भाग मला ओळखता आले. एक मात्र नाही. आगपेटीच्या निम्म्याहून लहान, काळा, आयताकृती ठोकळा. आजूबाजूच्या चिप चपट्या होत्या, हा त्यांच्या दुपटीहून उंच. त्याच्यावर विक्रेत्याचं वॉरंटीचं स्टिकर चिकटवलेलं होतं. ते कडक होऊन पापडासारखं झालं होतं आणि सोलताना खालची छपाईही घेऊन निघालं. नाव नाही, नंबर नाही. फक्त काळा ठोकळा.

जुनी मशीन उघडणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी असा भाग भेटतो. तो ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही, निवांतपणे बघावं लागतं. मी कसं बघितलं ते सांगते.

हात लावण्याआधी एक गोष्ट. कॅबिनेटच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस, उघडू नका. भिंतीतल्या २३० व्होल्ट एसीचं त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं, आणि प्लग काढल्यावरही तो साठा काही वेळ मोठ्या कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. मदरबोर्डावर मात्र १२ व्होल्टच्या वर काही नसतं, तिथे धोका तुम्हाला नाही, चिपांना आहे. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज पटकन साठते, म्हणून बोर्डाला बोट लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. आणि काहीही हलवण्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो काढून ठेवायचे. कोणती केबल कशी होती हे दोन तासांनी कुणालाच आठवत नाही.

मग मऊ ब्रशने धूळ काढली. कूलरसमोर वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनमध्ये धूळ नुसती धूळ राहत नाही. ओल आणि पाण्यातले क्षार मिळून तिचा थर बसतो. तो गेल्यावरच अक्षरं दिसायला लागतात.

आधी शेजारी ओळखा

अनोळखी माणसाची चौकशी आपण शेजाऱ्यांकडे करतो, तसंच इथे. चिपवर साधारण दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक तिचं नाव, दुसरा तिची जन्मतारीख. जन्मतारीख बहुधा चार आकड्यांची असते. ९२१७ असेल तर १९९२ सालचा सतरावा आठवडा. बोर्डावरच्या पाच-सहा चिपांच्या अशा तारखा वाचल्या की बोर्ड केव्हाचा हे कळतं, कारण तो त्यातल्या सगळ्यात नव्या तारखेनंतरच जुळवलेला असणार. आमच्या बोर्डावर सगळ्यात नवी तारीख १९९२ च्या अखेरची होती.

नावांमध्ये ७४ ने सुरू होणारे आकडे फार दिसतात, उदाहरणार्थ ७४एलएस२४५. ही साधी, पोटापाण्याची कामं करणारी मंडळी : इकडचे संकेत तिकडे पोचवणं, रस्ता उघडणं, बंद करणं. २७ ने सुरू होणारी आणि अंगावर कागदी स्टिकर असलेली चिप म्हणजे बहुतेक ईप्रॉम, जिच्यात मशीन सुरू होतानाचा पहिला प्रोग्राम, बायोस, असतो. तिचं स्टिकर मात्र काढू नका. खाली काचेची गोल खिडकी असते आणि अल्ट्राव्हायोलेट किरणांनी आतलं सगळं पुसलं जातं. थेट उन्हात काही दिवस राहिली तर ती कोरी होऊ शकते. रॅमच्या चिपवर शेवटी ७० किंवा ८० असं काही असेल तर तो तिचा वेग, नॅनोसेकंदांत. पत्र्याच्या चकचकीत डबीवर १४.३१८ लिहिलं असेल तर तो क्रिस्टल, म्हणजे ठराविक गतीने थरथरून चिपांना ठोके देणारा तुकडा, आणि आकडा मेगाहर्ट्झमधला.

कार्डांपैकी एक माझ्यासाठी कोडं होतं, पण ते मामाने लांबूनच ओळखलं. "अवं, हे तं जिस्ट कार्ड होय. याच्यानंच मराठी दिसे पडद्यावर." पुण्याचं सी-डॅक १९८८ मध्ये सुरू झालं. जिस्ट हे तिथलं तंत्रज्ञान, त्याची मुळं कानपूरच्या आयआयटीत. डॉसला, म्हणजे त्या काळी कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, देवनागरी येत नव्हती, ती दाखवायची जबाबदारी हे कार्ड घ्यायचं. अक्षरांचे क्रमांक इस्की नावाच्या पद्धतीने ठरलेले होते आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. १२८ च्या पुढचे क्रमांक भारतीय अक्षरांना दिलेले, आणि 'क' चा क्रमांक देवनागरीत, तेलुगूत, बंगालीत एकच. त्यामुळे मजकूर तोच ठेवून लिपी बदलता यायची. हे मला कोणत्याही आकड्यावरून कळलं नसतं. ज्यांनी मशीन वापरली त्यांना विचारणं हाही ओळखण्याचा एक मार्ग आहे, आणि आपण तो फार कमी वापरतो.

ठोकळ्याबद्दल मात्र मामालाही काही माहीत नव्हतं.

जे असायला हवं आणि नाही

पहिला धागा मला ठोकळ्यात मिळाला नाही, बोर्डावरच्या रिकामेपणात मिळाला. या बोर्डावर सेल कुठेच नव्हता.

हे विचित्र आहे. त्या काळच्या बोर्डांवर बहुतेक वेळा निळ्या किंवा हिरव्या आवरणातली छोटी पिंपासारखी बॅटरी दिसते, ३.६ व्होल्टची, निकेल-कॅडमियमची. तीच पुढे फुटते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. जुने बोर्ड मरण्याचं हे फार मोठं कारण आहे. नंतरच्या बोर्डांवर नाण्यासारखा सेल येतो. काही बोर्डांवर चार पिनांचा कनेक्टर असतो आणि सेल वायरीने बाहेर लटकवलेला असतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, आणि क्षाराचा हिरवा डागही नव्हता, म्हणजे कुणी काढून टाकलेलाही नव्हता.

पण मामाला पक्कं आठवत होतं की मशीन रोज सकाळी तारीख बरोबर दाखवायची. रात्री मेन स्विच बंद करून, कुलूप लावून तो घरी जायचा. मग रात्रभर तारीख कोण सांभाळत होतं?

इथे थोडं मागे जावं लागेल. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्यात सेलवर चालणारं घड्याळ नव्हतं. मशीन सुरू केली की डॉस रोज तारीख आणि वेळ विचारायचं. न सांगता पुढे गेलात तर १ जानेवारी १९८०, कारण डॉसची दिनदर्शिका तिथूनच सुरू होते. १९८४ च्या पीसी एटीमध्ये आयबीएमने मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप बसवली आणि तिला वेगळा सेल दिला. त्या चिपमध्ये ६४ बाइटची इवलीशी मेमरी होती. त्यातले १४ बाइट घड्याळाचे, उरलेले ५० मोकळे. आयबीएमने त्या ५० मध्ये मशीनची ओळख लिहून ठेवायला सुरुवात केली : फ्लॉपी कोणत्या आकाराची, हार्ड डिस्क कोणत्या प्रकारची, मेमरी किती. त्यापूर्वी हीच माहिती बोर्डावरचे बारके स्विच खालीवर करून द्यावी लागायची.

पुढे सगळ्या कंपन्यांनी हीच रचना उचलली. सीमॉस सेटअप म्हणतात तो हाच. घड्याळ आणि ही चिमूटभर स्मरणशक्ती एकाच चिपमध्ये, एकाच सेलवर. सेल गेला की वेळही जाते आणि "मला हार्ड डिस्क आहे" ही आठवणही जाते.

म्हणजे १९९२ च्या बोर्डावर तीन गोष्टी असायलाच हव्यात : घड्याळाची चिप, तिचा सेल आणि घड्याळाला ठोका देणारा क्रिस्टल. हा क्रिस्टल सहसा तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चंदेरी नळी असतो, मनगटी घड्याळात असतो तोच. मी बोर्ड भिंगाखाली इंच इंच पाहिला. ती नळीही नव्हती. तीन गोष्टी गायब, आणि एक ठोकळा जास्तीचा. संशय इथेच बळावला.

पाय मोजणं

संशय म्हणजे ओळख नव्हे. खात्री पायांवरून करायची.

जुन्या चिपचे पाय मोजायची रीत ठरलेली आहे. एका टोकाला खाच किंवा ठिपका असतो. ते टोक वर धरायचं. डावीकडचा सगळ्यात वरचा पाय पहिला. डाव्या बाजूने खाली उतरायचं आणि उजव्या बाजूने वर चढायचं. आमचा ठोकळा नशिबाने सॉकेटमध्ये होता, सोल्डर केलेला नव्हता. सॉकेटला २४ भोकं होती, १२ डावीकडे आणि १२ उजवीकडे. दोन चपटे स्क्रूड्रायव्हर घेऊन, दोन्ही टोकांना आळीपाळीने केसभर उचलत तो बाहेर काढला. एका बाजूने ओढला असता तर पाय वाकले असते.

उलटा करून पाहिला तर पाय २४ नव्हतेच. काही जागा रिकाम्या होत्या. तुटलेला पाय कळतो, कारण त्याच्या जागी धातूचं चमकतं टोक राहतं. इथे तसं काही नव्हतं, तिथे पाय कधी नव्हतेच. रिकाम्या जागांमध्ये दुसरी, तिसरी, सोळावी आणि विसावी अशा चार होत्या. हे आकडे लक्षात ठेवा, शेवटी त्यांचीच गरज पडणार आहे.

आता मल्टिमीटर बीपवर ठेवला, म्हणजे दोन टोकं जोडलेली असतील तर तो वाजतो. मशीन अर्थातच बंद, प्लग काढलेला. सॉकेटचं बारावं भोक बोर्डाच्या ग्राउंडला वाजलं, चोविसावं ५ व्होल्टच्या रेषेला. समोरासमोरच्या कोपऱ्यात वीज आणि ग्राउंड, ही त्या पिढीच्या चिपांची जुनी सवय. म्हणजे ठोकळ्याच्या आत चिपच आहे, नुसता ट्रान्सफॉर्मर किंवा फिल्टर नाही. चौथ्यापासून अकराव्यापर्यंत सलग आठ भोकं एकाच दिशेने जाणाऱ्या आठ रेषांना जोडलेली. सलग आठ म्हणजे आठ बिट, म्हणजे माहितीचा रस्ता. पण मेमरीतली कोणती जागा हवी, म्हणजे पत्ता, सांगणाऱ्या वेगळ्या रेषा कुठे? बायोसच्या ईप्रॉमला पंधरा-सोळा असतात. इथे एकही नाही.

याचा अर्थ ही चिप त्याच आठ रेषांवर आधी पत्ता ऐकते आणि मग माहिती देते-घेते. आठ रेषांवर जास्तीत जास्त २५६ पत्ते सांगता येतात, म्हणून आत मोठी मेमरी असूच शकत नाही. थोडीशीच असणार. ६४ बाइटसारखी.

मग गायब पाय गेले कुठे? वर गेले. ठोकळ्याच्या तळाशी एक साधी, २४ पायांची घड्याळाची चिप आहे. तिचे बाकीचे पाय खाली बोर्डात उतरतात, पण क्रिस्टलचे दोन आणि सेलचे दोन पाय कारखान्यातच वर वाकवलेले आहेत. दुसरा आणि तिसरा पाय वर ठेवलेल्या चंदेरी नळीला जोडलेले, विसावा सेलच्या धन टोकाला, सोळावा ऋण टोकाला. चिपच्या पाठीवर क्रिस्टल, बाजूला चपटा लिथियम सेल, आणि या सगळ्यावर इपॉक्सी, म्हणजे सुकून दगडासारखा होणारा डिंक, ओतून घट्ट केलेला साचा. म्हणून हा ठोकळा इतका उंच.

खिडकीतल्या उन्हाच्या तिरप्या कवडशात ठोकळा धरला तेव्हा छपाईचा पुसट ठसा दिसला. दोन घंट्या, मधे गोल. मामा शेजारी उभा होता. "हा तं गजराचा घड्याळ वाटून राह्यला!" होय. डॅलस कंपनीच्या डीएस१२८७ या चिपवर गजराच्या घड्याळाचं चित्रच छापलेलं असे.

डॅलस सेमीकंडक्टर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, डॅलस शहरात सुरू झाली. २००१ मध्ये ती मॅक्सिमने घेतली आणि २०२१ मध्ये मॅक्सिम अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली. डीएस१२८७ ही मोटोरोलाच्या जुन्या चिपसारखीच वागते, फक्त सेल आणि क्रिस्टल पोटात घेऊन. बोर्ड बनवणाऱ्याला सेलची जागा नको, क्रिस्टलची जुळवाजुळव नको, फुटणाऱ्या बॅटरीची भीती नको. वीज नसताना दहा वर्षांहून जास्त चालेल, असं कंपनीचं सांगणं होतं, आणि ते खरं ठरलं. पण अकराव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी काय, याचं उत्तर त्या रचनेत नव्हतं. मला ही रचना फार हुशारीची वाटते आणि तिचा रागही येतो. ज्याचा सेल बदलता येत नाही असं घड्याळ, आणि सेल संपला हे बाहेरून दिसतही नाही. त्यामुळे चांगल्या मशीन 'मदरबोर्ड गेला' म्हणून भंगारात गेल्या असणार.

फसवणारे जुळे

पाय गायब आणि अंग उंच म्हणजे घड्याळच, असा निष्कर्ष मात्र काढू नका. गोल केबलच्या, फिरवून लावायच्या बीएनसी कनेक्टरच्या जुन्या नेटवर्क कार्डावर अगदी असाच ठोकळा असतो. चोवीस पायांच्या मापाचा, बरेच पाय गायब. पण तो व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर आहे, नेटवर्कच्या तारेची बाजू कॉम्प्युटरपासून विजेने वेगळी ठेवण्यासाठी. त्याचे पाय फक्त टोकांजवळ असतात, मधे सलग आठ नसतात, आणि तो कनेक्टरला चिकटून बसलेला असतो. डिले लाइन नावाचा, संकेत किंचित उशिरा पोचवणारा आणखी एक काळा ठोकळा काही कार्डांवर दिसतो, त्याचेही पाय विरळ. उलट बाजूने बेंचमार्क कंपनीच्या बीक्यू३२८७ सारखे ठोकळे नावाने वेगळे, पण कामाने डॅलसचे सख्खे भाऊ. म्हणून नुसत्या चेहऱ्यावर जाऊ नये. कुठे बसलाय, कुणाला जोडलाय, ते बघावं.

३२,७६८ ठोके

मामाने एक प्रश्न विचारला आणि तो मला आवडला : "यात काटे नाही, चाकं नाही, तं सेकंद मोजते कसा?"

क्वार्ट्झचा बारीक तुकडा विजेच्या संपर्कात ठराविक गतीने थरथरतो. या नळीतला तुकडा ट्यूनिंग फोर्कच्या, म्हणजे दोन दातांच्या चिमट्याच्या आकारात कापलेला असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच विचित्र आकडा का? कारण तो अर्धा करत गेलं की बरोबर एकावर येतो. ३२,७६८ चे निम्मे १६,३८४, त्याचे ८,१९२, मग ४,०९६. असं पंधरा वेळा केलं की उरतो १. दर दोन ठोक्यांना एक ठोका पुढे देणारा सर्किट बनवणं चिपमध्ये अगदी सोपं असतं. तशी पंधरा सर्किटं ओळीने लावली की शेवटच्यातून सेकंदाला एकच ठोका बाहेर पडतो.

हा चिमटा २५ अंश सेल्सिअसला सर्वांत बरोबर चालतो. त्याहून गरम झाला तरी मागे पडतो, थंड झाला तरी मागे पडतो. ४५ अंशाला तो दिवसाला साधारण सव्वा सेकंद हरवतो. आपल्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत ४५ ही काही मोठी गोष्ट नाही. म्हणजे महिन्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त. मामाला ते आठवत होतं : उन्हाळ्यात कॉम्प्युटरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे पडायचं आणि तो दर महिन्याला पुढे करायचा.

मेला आहे हे कसं कळणार

सेल आत गाडलेला असल्यामुळे मल्टिमीटर लावायला जागाच नाही. म्हणून वागणुकीवरून ओळखायचं. ठोकळा परत बसवला, मशीन सुरू केली. पडद्यावर सीमॉस बॅटरी स्टेट लो, खाली चेकसम फेल, म्हणजे साठवलेली माहिती जुळत नाही, आणि हार्ड डिस्क सापडत नाही. मेकॅनिकने हेच पाहून बोर्ड उडाला म्हटलं असणार.

सेटअपमध्ये जाऊन तारीख-वेळ भरली. मग वीज न तोडता, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केली. वेळ शाबूत. म्हणजे चिप जिवंत आहे, क्रिस्टल चालतोय. मग स्विच बंद करून दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा लावली. तारीख भलतीच. ५ व्होल्ट होते तोवर आठवण होती, ते गेले तशी आठवण गेली. दोष सेलचा, बाकी सगळं ठीक. उलट, वीज असतानाही सेकंद पुढे सरकत नसते, तर संशय क्रिस्टलवर किंवा चिपवर गेला असता.

हार्ड डिस्कच्या अंगावर तीन आकडे होते : १००१, १५, १७. सिलिंडर, हेड आणि सेक्टर, म्हणजे डिस्कची मापं. त्यांचा गुणाकार करून ५१२ ने गुणलं की १३ कोटी ६ लाख ९० हजार ५६० बाइट होतात, म्हणजे सुमारे १३० एमबी. सेटअपमध्ये पहिले ४६ प्रकार ठरलेले असतात आणि ४७ वा स्वतः भरायचा. तिथे हे तीन आकडे टाकले. डिस्क फिरली, सी ड्राइव्ह उघडला. मामा काहीच बोलला नाही, खुर्ची ओढून बसला आणि फायलींची यादी वाचत राहिला.

नवा सेल

एक उपाय नवी चिप विकत घेण्याचा. डीएस१२८८७ हा त्याच जागी बसणारा पुढचा अवतार, त्यात मोकळी मेमरी ११४ बाइटची. पण बाजारात जुन्या बोर्डांतून काढून, घासून, नवी छपाई केलेले ठोकळेही मिळतात, आणि त्यांचा सेल आधीच संपलेला असू शकतो. खरी नवी चिप कारखान्यातून घड्याळ थांबवलेल्या अवस्थेत येते, सेल वाया जाऊ नये म्हणून. तरीही पडून राहून लिथियम सेल म्हातारा होतोच, आणि आपल्याकडच्या उष्णतेत जरा लवकर.

मी दुसरा मार्ग घेतला. सीताबर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलचा होल्डर आणि दोन रंगांची बारीक वायर आणली. ठोकळा बाहेर काढून, तोंडाला मास्क लावून, उजव्या बाजूला सोळाव्या आणि विसाव्या जागेवरची इपॉक्सी बारीक कानशीने हळूहळू घासली. उजवी बाजू म्हणजे तेरा ते चोवीस. तेरा खालून पहिला, म्हणून सोळावा खालून चौथा आणि विसावा खालून आठवा. दोन-तीन मिलिमीटर आत गेल्यावर वर वाकवलेल्या पायांचा पितळी रंग चमकतो. तिथे थांबायचं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दोन्ही पाय तिथे कापून आतल्या मेलेल्या सेलपासून तोडायचे. न तोडता नवा सेल जोडला तर तो जुन्याला वीज पुरवत बसतो आणि लवकर संपतो. शिवाय चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलला उलटी वीज देणं धोक्याचं. तोडल्यावर खालच्या, म्हणजे चिपकडच्या तुकड्याला वायर लावायची. विसाव्याला लाल, धन. सोळाव्याला काळी, ऋण. सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, कारण आत अजूनही लिथियम सेल बसलेला आहे आणि त्याला तापवायचं नसतं. वायरींवर थोडा गोंद, म्हणजे ओढल्या जाऊन तुटणार नाहीत. धातूचा कीस ब्रशने नीट झाडून घ्यायचा, तो सॉकेटमध्ये पडला तर पाय एकमेकांना जोडले जातील. होल्डर मी कॅबिनेटच्या बाजूला दुहेरी टेपने चिकटवला. पुढच्या वेळी सेल बदलायला नाणं काढण्यापलीकडे काही करावं लागणार नाही.

तारीख भरली, मशीन बंद केली, प्लग काढून ठेवला. पंधरा दिवसांनी लावली तेव्हा तारीख बरोबर होती आणि वेळ मोबाइलच्या अकरा सेकंद मागे. सी ड्राइव्हमधल्या फायली आता आम्ही एकेक करून उतरवून घेतोय, त्यात मामाच्या दुकानातला मराठी मजकूर इस्कीमध्ये आहे, तो आजच्या युनिकोडमध्ये आणायचं काम वेगळंच.

झाकण लावण्याआधी आतल्या पत्र्यावर एक चिठ्ठी चिकटवली. मामाने स्वतःच्या अक्षरात लिहिली : "घड्याळाचा सेल बाजूला आहे, सीआर२०३२. लाल वायर २०, काळी १६. डिस्क टाइप ४७ : १००१, १५, १७. मदरबोर्ड चांगला आहे."